पहाटेची धून आणि कार्ल्सबादचा माणूस

आमच्या घरी रेडिओ होता तो वडिलांच्या मालकीचा. मालकीचा अशासाठी म्हणतो, की त्याच्या बटणाला हात लावायचा अधिकार त्यांच्याखेरीज कुणालाच नव्हता. दरवर्षी पोस्टात जाऊन त्याच्या लायसन्सचे पैसे भरायचे आणि ते छोटे पुस्तक रेशनकार्डाच्या शेजारी जपून ठेवायचे, हे कामही त्यांचेच. पहाटे उठून ते बटण फिरवीत. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागे. आधी नुसती खरखर, मग तंबोऱ्याचा झंकार आणि त्यावर ती व्हायोलिनची धून. त्यानंतर वंदे मातरम्. आई तोवर बंब पेटवायला गेलेली असे. पांघरुणातून डोके बाहेर न काढता आम्ही भावंडे ती धून ऐकत असू आणि ती संपली की उठावे लागणार या जाणिवेने किंचित उदास होत असू.

ही धून कुणी केली, हा प्रश्न मला कित्येक वर्षे पडला नाही. सूर्य कुणी केला हे विचारतो का आपण?

पुढे बँकेतली नोकरी सांभाळून मी कादंबऱ्या लिहू लागलो. एका कादंबरीत मी गिरगावातला एक म्हातारा व्हायोलिन मास्तर रंगवला. आकाशवाणीची धून आपण केली, पण नाव कुणी दिले नाही, असे तो शिष्यांना सांगतो. माझ्या दृष्टीने तो कादंबरीचा कणा होता. गुणी मराठी माणसाची उपेक्षा हा विषय आपल्याकडे चालतोही चांगला. पुस्तक आल्यावर दादरच्या एका निवृत्त शिक्षकांचे पोस्टकार्ड आले. त्यांनी सभ्य शब्दांत कळवले होते, की ती धून मुंबईत आश्रयाला आलेल्या एका ज्यू संगीतकाराची मानली जाते, त्याचे नाव वॉल्टर कॉफमन, आणि तुमच्यासारख्या लेखकाने निदान इतकी चौकशी करायला हवी होती. मला राग आला. कादंबरी म्हणजे काही गॅझेटियर नव्हे, असे मनाशी म्हणत मी ते कार्ड खणात टाकले आणि उत्तर दिले नाही.

नाव मात्र डोक्यात राहिले. मग फोर्टातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ हाती लागला. विषय उत्तर हिंदुस्थानी रागांचा आणि लेखकाचे नाव तेच. तिथून मी या माणसाच्या मागे लागलो तो आजतागायत.

कॉफमनचा जन्म १ एप्रिल १९०७ चा, कार्ल्सबादचा. बोहेमियातले हे गाव, आजचे कार्लोव्ही व्हारी, गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध. युरोपभरचे श्रीमंत तिथे पोटाच्या तक्रारी घेऊन यायचे आणि सकाळी पेला हातात धरून बँड ऐकत फिरायचे. त्या वेळी ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. पहिले महायुद्ध संपले आणि साम्राज्य मोडले, तेव्हा गाव चेकोस्लोव्हाकियात गेले. घर ज्यू, बोली जर्मन आणि नागरिकत्व चेक अशा तिहेरी ओळखीचा हा मुलगा. तीन ओळखींचा माणूस शांततेच्या काळात तिन्ही घरी जेवतो आणि वेळ फिरली की तिन्ही दारे त्याच्यावर बंद होतात.

शिक्षण बर्लिनला झाले. तिथल्या संगीत महाविद्यालयात फ्रान्त्स श्रेकर रचना शिकवीत. वाद्यांचे जगप्रसिद्ध अभ्यासक कुर्ट झाक्स यांच्याकडे त्याने संगीतशास्त्र घेतले. शार्लोटेनबुर्गच्या ऑपेरात ब्रुनो वॉल्टरसारख्या दिग्गजाच्या हाताखाली काम केले, उन्हाळ्यात कार्ल्सबादला येऊन ऑपेरेटा चालवल्या. पंचविशीच्या आत इतके पदरी होते. पुढे प्रागच्या जर्मन विद्यापीठात गुस्ताव मालर या संगीतकारावर प्रबंध लिहिला. आता फक्त पदवी घ्यायची बाकी होती.

ती त्याने घेतली नाही. मार्गदर्शक गुस्ताव बेकिंग नात्झी गोटातला आहे हे कळल्यावर या माणसाच्या हातून डॉक्टरेट नको, असे त्याने ठरवले.

इथे मी बराच वेळ थांबलो. बँकेतल्या नोकरीत तत्त्वासाठी एक वेतनवाढ सोडणारा माणूस मी पाहिलेला नाही आणि त्यात मी स्वतःलाही धरतो. लिहून पूर्ण झालेला प्रबंध आणि समोर चालून आलेली डॉक्टर ही उपाधी; पुढे परदेशात नोकरी मागताना जिचा दर पावलाला उपयोग झाला असता, ती याने नाकारली. आपल्या नकाराने बेकिंगचे काही बिघडणार नाही हे त्याला समजत नसेल असे नाही. बेकिंग प्राध्यापकच राहिला. १९४५ साली युद्ध संपता संपता प्रागमध्येच तो मारला गेला.

हिटलर १९३३ च्या जानेवारीत सत्तेवर आला. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत कॉफमन मुंबईत उतरला. हिंदुस्थानच का, याचे उत्तर अगदी रुक्ष आहे. व्हिसा मिळणे सोपे होते. अध्यात्म, योग, ताजमहाल यांपैकी कशाचीही ओढ नव्हती. वय सत्तावीसही नाही. ओळखीचा धागा होता तो मोहन भवनानी या चित्रपट दिग्दर्शकाचा. चित्रपट शिकण्यासाठी जर्मनीत जाऊन आलेला हा माणूस मुंबईत बोलपट काढीत होता. त्याच १९३४ सालच्या त्याच्या ‘मजदूर’ची कथा मुन्शी प्रेमचंदांची होती.

वॉर्डन रोडला, महालक्ष्मीच्या देवळाच्या बाजूला, रेवा हाउसमध्ये कॉफमनने बिऱ्हाड केले. आल्या आल्या त्याने काय करावे? मे महिन्यात, म्हणजे ऐन उकाड्यात, आल्यापासून तीन-चार महिन्यांत त्याने बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात मैफल. स्वतः पियानोवर, व्हायोलिनला मेहली मेहता, चेलोवर एदिजिओ व्हेर्गा नावाचा इटालियन वादक. मे १९३७ पर्यंत या मंडळींनी १३६ कार्यक्रम केले. तीन वर्षांत १३६! आपल्याकडच्या संगीत मंडळांचे चिटणीस या आकड्याचे मोल जाणतील. हॉल, खुर्च्या, वर्गणी, आजारी पडलेला वादक, पावसामुळे न आलेले श्रोते हे सगळे सांभाळून.

आता मुख्य गोष्ट. पहिल्यांदा हिंदुस्थानी संगीताच्या रेकॉर्डी ऐकल्या तेव्हा कॉफमनला त्यात काहीही कळले नाही. परके, अगम्य वाटले. ज्या गोऱ्या लोकांनी शतकभर या संगीताला रडगाणे म्हणून झटकले, त्यांच्यापैकीच आणखी एक होऊन तो मोकळा होऊ शकला असता. पण त्याने मनाशी वेगळा हिशेब मांडला. हे संगीत बुद्धी आणि हृदय असलेल्या माणसांनीच घडवले असणार, लाखो लोक त्यावर जीव टाकतात, तेव्हा खोट संगीतात नसून आपल्या कानात असली पाहिजे. आणि ती दूर करायची तर इथे राहून शिकले पाहिजे. घरदार सुटलेल्या माणसाला आपलेच तेवढे खरे असे घट्ट धरून बसावेसे वाटते. याने उलट केले.

त्याच सुमारास दिल्लीत आणखी एक पाश्चात्त्य संगीतकार होता, जॉन फाउल्ड्स. तोही रेडिओत, तोही हिंदुस्थानी संगीताचा भक्त. या भक्तीच्या भरात त्याने हार्मोनियमवर तोफ डागली. बांधीव स्वरांची ही परकी पेटी श्रुतींचा खून करते, असे त्याचे म्हणणे. तो १९३९ मध्ये कॉलऱ्याने गेला. पण १९४० पासून आकाशवाणीवर पेटीला बंदी आली ती थेट १९७१ पर्यंत. आपल्याकडच्या पेटीवाल्यांनी त्या तीस वर्षांत काय सोसले ते जुन्या लोकांना विचारावे. परदेशी माणूस आपल्या संगीताच्या प्रेमात पडला की तो कधी कधी आपल्यापेक्षा कर्मठ होतो. कॉफमन तसा झाला नाही.

‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव जून १९३६ मध्ये रूढ झाले. त्याच वर्षीची ही धून. खाली तंबोरा, वर व्हायोलिन, आणि वाजवणारे मेहली मेहता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मेहलींच्या घरी मुलगा झाला, त्याचे नाव झुबिन. धून शिवरंजनीवर बेतलेली मानतात. भूपाचाच गंधार कोमल केला की शिवरंजनी. आणि तेवढ्या एका स्वराने भूपाचा सगळा प्रसन्नपणा हुरहुरीत बदलतो. शंकर-जयकिशनने हा राग हिंदी सिनेमात इतका वापरला, की आता रिक्षावालाही तो गुणगुणतो.

धुनेच्या जनकत्वावर वाद आहे. कॉफमनखेरीज एक-दोन हिंदुस्थानी नावेही घेतली जातात. जुना अधिकारी या नात्याने मला कागदाची सवय आहे. सही नसलेल्या कागदावर कुणीही हक्क सांगतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. मुंबई केंद्रात युरोपीय संगीताच्या विभागाचा प्रमुख म्हणून कॉफमन लागला तो १९३७ मध्ये, म्हणजे धुनेनंतर. तरीही माझे मत कॉफमनच्या बाजूने पडते, आणि त्याचे कारण त्या रागातच आहे. शास्त्राप्रमाणे शिवरंजनी रात्रीचा राग. केंद्र उघडताना, तेही भल्या पहाटे, रात्रीचा राग लावायचे एखाद्या पंडिताच्या मनात आले असते का? आमच्या गल्लीतल्या गाण्याच्या क्लासवाल्या बाईसुद्धा त्याला कान पकडून भैरव घ्यायला लावत्या. वेळेचा नियम ज्याच्या रक्तात नाही आणि स्वर मात्र मनात उतरला आहे, असाच कुणी हे करू शकतो. हा पुरावा कोर्टात टिकणार नाही. मला तो पुरतो.

रेडिओवरचे दिवस कामाचे गेले. १९३८ साली त्याचा ‘अनसूया’ हा ऑपेरा मुंबई केंद्रावरून प्रसारित झाला. याखेरीज चित्रपटांचे संगीत, माहितीपटांचे संगीत, सोफिया कॉलेजात शिकवणे. हातात पैसा आणि सुटी असली की भटकंती. मध्य प्रांतातल्या गोंड आणि बैगा लोकांची गाणी त्याने उतरवून घेतली आणि १९४१ मध्ये त्यावर अमेरिकेतल्या एका नामांकित नियतकालिकात निबंध छापून आणला. हे सगळे युद्ध चालू असताना.

युद्धाचे मुंबईतले चित्र विचित्र होते. हिटलरपासून पळून आलेल्या ज्यूंनाही, केवळ जर्मन म्हणून, सुरुवातीला इंग्रजांनी अहमदनगरच्या छावणीत नेऊन ठेवले. शहानिशा होऊन पुढे पुष्कळांची सुटका झाली. मालाडला बॉम्बे टॉकीजमध्ये ‘अछूत कन्या’ करणारा फ्रान्त्स ऑस्टेन हा नात्झी पक्षाचा सभासद. तोही पकडला गेला. एकाच शहराच्या दोन टोकांना, एकाच भाषेत स्वप्ने पाहणारी ही दोन माणसे हिंदुस्थानी लोकांसाठी संगीत आणि सिनेमा घडवीत होती. चित्रकार वॉल्टर लँगहॅमर आणि समीक्षक रूडी फॉन लायडन हेही याच लाटेत मुंबईला लागलेले. रझा, आरा यांच्या पिढीला त्यांनी कसा हात दिला, हे चित्रकारांना ठाऊक आहे.

कॉफमनची पत्नी गर्टी. ही फ्रान्त्स काफ्काची सख्खी भाची, त्याच्या एली या बहिणीची मुलगी. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून खुर्चीतून उठलोच. काफ्का प्रागच्या कामगार अपघात विमा संस्थेत कारकुनी करता करता लिहीत असे. बँकेत बसून लिहिणाऱ्या आम्हा लोकांचा तो कुलदैवतच म्हणा ना! दुपारच्या जेवणाच्या सुटीत, लेजरच्या आड मी त्याला वाचला. त्याची भाची महालक्ष्मीच्या देवळाशेजारी राहत होती, नारळ-हारवाल्यांच्या ओरडण्याला जाग येत होती, हे मला कुणी सांगितले नव्हते.

गोष्ट इथे संपत नाही. विली हास हा काफ्काच्या वर्तुळातला लेखक-संपादक. १९३९ च्या मार्चमध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या, तेव्हा मिलेना येसेन्स्का हिने काफ्काने आपल्याला लिहिलेली पत्रे या हासच्या हाती सोपवली. लवकरच हास निसटला तो मुंबईला, कॉफमनच्या खटपटीमुळे. पत्रे मागे राहिली, तो मात्र इकडे भवनानींच्या हिंदी चित्रपटांसाठी पटकथा लिहू लागला. युद्धानंतर परत जाऊन १९५२ मध्ये त्याने ती पत्रे प्रसिद्ध केली. काफ्काच्या त्या पुस्तकाचा संपादक आधी काही वर्षे मुंबईच्या स्टुडिओत हिंदी नायक-नायिकांच्या ताटातुटी रचत होता!

ज्यांना निसटता आले नाही त्यांचे काय झाले? म्युनिकच्या करारानंतर, १९३८ मध्ये, कार्ल्सबाद जर्मनीच्या घशात गेले. काफ्काच्या तिन्ही बहिणी मागेच राहिल्या होत्या. एली आणि वल्ली यांना १९४१ मध्ये लॉड्झच्या कोंडवाड्यात पाठवले. त्या परत आल्या नाहीत. धाकटी ओटला तेरेझिनला. तिथून १९४३ च्या ऑक्टोबरात लहान मुलांची एक तुकडी न्यायची होती, तिच्यासोबत जायला ओटला आपण होऊन तयार झाली. ती गाडी आउश्विट्झची निघाली. एली म्हणजे गर्टीची आई. मुंबईत बसलेल्या मुलीला यातले काय कळणार, कधी कळणार? शत्रूच्या मुलखात पत्र घालायचे तर रेडक्रॉसमार्फत, तेही पंचवीस शब्दांत.

त्या वर्षांतही रोज पहाटे ती धून वाजतच होती.

रेवा हाउसमधले हे बिऱ्हाड १९४६ मध्ये मोडले. बारा वर्षे झाली होती. देश स्वातंत्र्याच्या उंबऱ्यावर, पुढे युरोपीय संगीताला इथे किती जागा राहील याची खात्री नाही; आणि निर्वासिताला बदलत्या हवेचा वास इतरांच्या आधी येतो. आधी इंग्लंडात बीबीसीचे थोडे काम, १९४७ ला कॅनडातले हॅलिफॅक्स, आणि १९४८ पासून विनिपेगच्या सिंफनी ऑर्केस्ट्राचा प्रमुख. जिथे पारा शून्याखाली तीस अंश उतरतो अशा गावात त्याने सुमारे दहा वर्षे नवा वाद्यवृंद उभा करण्यात घालवली. गर्टीशी फारकत झाली. पुढे विनिपेगच्या पियानोवादक फ्रेडा ट्रेपेलशी त्याने लग्न केले. कॅनडातल्या या वर्षांत मला फारसे रमता आले नाही हे कबूल करतो.

खरे समाधान त्याला मिळाले असावे ते १९५७ नंतर, अमेरिकेत, ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठात. प्रागची पदवी नाकारलेला माणूस तिथे १९७७ पर्यंत संगीतशास्त्राचा प्राध्यापक होता. तिथेच त्याची मुंबईची टिपणे बाहेर आली. १९६७ मध्ये पौर्वात्य स्वरलेखनावरचा ग्रंथ, १९६८ मध्ये ‘द रागाज ऑफ नॉर्थ इंडिया’, १९७६ मध्ये दक्षिणेच्या रागांवर तसाच दुसरा. शिवाय तिबेटी मठांतले पठण आणि चिनी अभिजात ग्रंथांतले संगीताचे उल्लेख.

उत्तरेच्या रागांचे हे पुस्तक माझ्या टेबलावर आहे. रचना सारी दहा थाटांवर. म्हणजे आपल्या विष्णु नारायण भातखंड्यांची. वाळकेश्वरला जन्मलेला हा वकील उभा देश पालथा घालून, घराण्यांच्या कुलपातल्या चिजा मिळवून, स्वरलिपीत उतरवतो. मुंबईतच आजारपणात अंथरुणाला खिळून १९३६ च्या सप्टेंबरात देह ठेवतो. तोवर कॉफमनला मुंबईत येऊन अडीच वर्षे झालेली. आणि तीस-बत्तीस वर्षांनी त्याच थाटांच्या चौकटीत हा कार्ल्सबादचा माणूस अमेरिकन मुलांना यमन आणि मारवा समजावून सांगतो. या पुस्तकाविषयी जाणकारांचे आक्षेप असतात. पाश्चात्त्य लिपीत राग मावत नाही, मींड कागदावर येत नाही, हे खरेच. पण प्रत्येक रागाशी तो किती चिकाटीने बसला आहे हे पाने उलटताना दिसते.

कॉफमन ९ सप्टेंबर १९८४ रोजी ब्लूमिंग्टनला वारला. त्या वेळी मी परभणीकडच्या एका शाखेत होतो, आणि खोलीवर पहाटे ट्रान्झिस्टर लावायचो.

त्याच्या मुंबईतल्या रचना पुढे कित्येक वर्षे विद्यापीठाच्या ग्रंथालयात पडून होत्या. २०२० मध्ये टोरांटोच्या एआरसी आन्साम्ब्ल या वादकांनी त्यातल्या काही ध्वनिमुद्रित केल्या. मुलीने मला त्या मोबाईलवर लावून दिल्या. रचना आहे तारवाद्यांची, युरोपातली, चार माणसांनी खुर्चीत बसून वाजवायची. पण स्वर मध्येच असा काही वळतो, की ऐकणाऱ्याने नकळत मान डोलवावी. मान डोलली, आणि माझी मला गंमत वाटली.

माझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती काढायचे ठरले तेव्हा प्रकाशकांनी शुद्धलेखनापुरतेच बदल मागितले होते. मी गिरगावच्या मास्तरला काढले नाही. तो अजूनही ती धून आपली असल्याचे सांगतो. फक्त आता त्याचा एक शिष्य खरे काय ते जाणून आहे आणि मास्तरांसमोर गप्प बसतो. या एका बदलासाठी चौदा पाने नव्याने लिहावी लागली. एक प्रत मी दादरच्या त्या पत्त्यावर रजिस्टरने पाठवली, सोबत उशीर झाल्याबद्दल चार ओळी. तिसऱ्या आठवड्यात पाकीट परत आले. पोस्टमनने वर लाल शाईत शेरा मारला होता, मयत. ते पाकीट मी अजून फोडलेले नाही. खणात त्या पोस्टकार्डाच्या वर ठेवले आहे.